राखणदाराची बाटली

फाल्गुन वद्य पंचमी, १९३१. पालीजवळच्या आमच्या बागेत राखणदाराचा, म्हणजे बाग सांभाळणाऱ्या दगडातल्या देवाचा, मान. हजर: मी, दोन गडी आणि देवाला गाऱ्हाणं घालायला, म्हणजे आमच्या वतीने विनवणी करायला आलेला शेजारगावचा एक माणूस.

राखणदाराला दारू दाखवायची आणि उरलेली गाऱ्हाणं घालणाऱ्याने प्यायची, अशी रीत. या माणसाने दिवाळीत दारू सोडली, तेव्हा कुठे त्याची बायको माहेराहून परतली होती. त्याने बूच काढलं.

“दादा, परसादाला नाय म्हनशील काय?” गडी हसले.

“बा राखणदारा,” तो म्हणाला, “आजवर आपण वाटून प्यायलो. आता सगळी तूच घे. माला घरी जेवाया जायाचा हाय.”

त्याने बाटली दगडावर पालथी केली, हात धुतले आणि तो ताठ चालत घरी गेला.

पुढल्या वर्षीही त्यालाच बोलवायचं आहे. बाटलीऐवजी शहाळं चालेल का, याचा देवळात कौल लावायचा मात्र अजून राहिला आहे.