तीन रविवार

गवंडी त्या गुहेत पहिल्यांदा गेला तो भिंत बांधायला. एका दिवसाचं काम आहे, असं त्याला सांगितलं होतं. त्या एका दिवसाला आता अकरा वर्षं होऊन गेली.

सांगणारे होते मास्तर. भूगोल शिकवून निवृत्त झालेले, अंगाने काटकुळे आणि एकदा एखादी गोष्ट डोक्यात घेतली की कुणाच्या बापाचं न ऐकणारे. गावाबाहेरच्या टेकडीत एक गुहा होती. वाकून आत शिरलं की चार माणसं नीट उभी राहतील एवढं दालन लागायचं. तिथे मास्तरांच्या तोंडाला एकदा गार वारा लागला. वारा आहे म्हणजे पुढे मोठी पोकळी आहे, हे त्यांचं गणित. दालनाच्या टोकाला एक बोगदा होता, छपरापर्यंत चिखलाने गच्च भरलेला. वारा तिथूनच येत असणार असं त्यांनी ठरवलं आणि तो उपसायला दोन-चार रिकामटेकडी माणसं गोळा केली. ‘रिकामटेकडी’ हा गवंड्याच्या बायकोचा शब्द.

पण उपसलेला चिखल टाकायचा कुठे? बाहेर नेऊन टाकायचा तर माणसांचा जीव जाईल. गवंड्याने दालनात बॅटरी फिरवली. डाव्या हाताला कपारीखाली एक खोलगट कोनाडा होता, तळाला दगडगोटे पडलेले.

“ही जागा चांगली आहे,” तो म्हणाला. “पुढे भिंत घालून देतो. मागे खुशाल टाका, दहा वर्षं पुरेल.”

सिमेंटचा कणही न लावता, दगडाला दगड जुळवत त्याने छातीएवढी भिंत उभी केली. वर जाताना किंचित मागे झुकलेली, म्हणजे मागून चिखलाचा रेटा आला तरी तिला पोट सुटणार नाही. पाणी निघून जायला तळाशी पाच भोकं ठेवली. काम संपल्यावर मास्तरांनी भिंतीवरून हात फिरवला. “गवंडीबुवा, ही आपल्या पश्चात राहील.”

गवंड्याने आयुष्यभर भिंतीच बांधल्या होत्या. त्यांच्यावर गिलावा चढायचा, रंग चढायचा, मग लोक त्यात खिळे ठोकायचे. भिंतीवरून हात फिरवणारं माणूस त्याला पहिल्यांदाच भेटत होतं. पुढच्या रविवारी तो कुणी न बोलावता आला, आणि मग येतच राहिला.

कामाची पद्धत ठरून गेली. आधी बोगद्यात आठवडाभर साचलेलं पाणी हातपंपाने काढायचं. मग मास्तर पुढे, पोटावर पडून, आखूड दांड्याच्या कुदळीने खणणार. त्यांच्या मागे नर्सबाई बादली भरणार. त्या रात्रपाळी करून थेट यायच्या आणि म्हणायच्या, “इथे निदान कुणी घंटी वाजवून मला बोलवत नाही.” बोगद्याच्या तोंडाशी उंचापुरा वायरमन दोर ओढायचा, आत त्याचे खांदे अडकायचे. आणि शेवटी गवंडी, भिंतीमागे चिखल रिचवून पायाने दाबणारा. चांगल्या दिवशी साठ बादल्या व्हायच्या. अकरा वर्षांत बोगदा शंभर फुटांवर गेला.

रविवारी संध्याकाळी गवंड्याला घरात प्रवेश नसायचा. मागच्या दारी बायको नळाला नळी लावून उभीच असायची. आधी माणूस, मग कपडे. तिसऱ्या पाण्यालाही कपड्यांतून गढूळच निघायचं.

“लोक घरातली भोकं बुजवायला तुम्हाला बोलावतात,” ती म्हणायची, “आणि तुम्ही सुट्टीच्या दिवशी डोंगराला भोक पाडायला जाता. हात वर करा. कानामागे अर्धा डोंगर तसाच आहे.”

या वर्षी मास्तरांचा हात थरथरायला लागला होता. चहाचा कप धरताना दिसायचं. नर्सबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, “मास्तर, हे शेवटचं वर्ष. पुढच्या खेपेला तुम्ही आत सरपटत जाल, पण बाहेर आम्हाला ओढून काढावं लागेल.” मास्तरांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “मग पाणी चढेपर्यंत जेवढे रविवार आहेत तेवढे माझे.” दर वर्षी पावसाळ्यात गुहेतलं पाणी चढायचं आणि काम थांबायचं. हातात पंधरा-सोळा रविवार होते.

अशातच एका रविवारी, सगळे आवराआवर करत असताना, गवंडी भिंतीच्या तळाशी वाकला. चौथ्या भोकाभोवतीचा चिखल पांढुरका दिसत होता. त्याने नखाने खरवडलं तर भुगा पडला. ज्या गुहेत खिशातला रुमाल कधी सुकत नाही, तिथे चिखल वाळला होता! त्याने ओला तळहात भोकासमोर धरला. गार लागलं. हात काढला, पुन्हा धरला. पुन्हा गार.

वारा कोनाड्यातून येत होता. पहिल्या दिवसापासून तिथूनच येत असणार. खरी वाट त्या दगडगोट्यांच्या मागे होती. आणि तिच्यावर त्याने, स्वतः जागा दाखवून, अकरा वर्षांचा चिखल दाबून बसवला होता. एवढी वर्षं त्याखाली वारा कोंडून होता. या वर्षी पाणी खूपच उतरलं, चिखल आकसला, आणि त्याला बाहेर यायला फट मिळाली.

मास्तर बोगद्यातून बाहेर येत होते, चिखलाने माखलेले, डोळे तेवढे दिसणारे. “आज दीड फूट!” ते म्हणाले.

आत्ता दमलेत, पुढच्या वेळी सांगू, असं गवंड्याने मनाशी म्हटलं. पुढच्या दोन्ही रविवारी चिखलात वाळू लागली म्हणून मास्तर इतके खुशीत होते की याच्या तोंडून शब्द फुटला नाही. तिसऱ्या रविवारी वायरमन भिंतीला पाठ टेकून बसला आणि म्हणाला, “इथे गार का लागतंय रे?” गवंडी म्हणाला, “घाम आलाय तुला.” आणि तो उठून गेल्यावर मूठभर ओला चिखल घेऊन त्याने ते भोक बुजवून टाकलं.

त्या संध्याकाळी बायको नळी मारत होती आणि हा मुकाट्याने उभा होता. ‘हात वर करा’ म्हणायची वेळही त्याने आणली नाही. तिने नळ बंद केला.

“काय झालंय?”

त्याने सगळं सांगितलं, भोक बुजवल्याचंसुद्धा. “अगं, अकरा वर्षं तो माणूस पाण्यात लोळलाय. त्याला कोणत्या तोंडाने सांगू, की सगळं उलट्या दिशेला गेलं? त्यापेक्षा हे वर्ष सरू दे. त्यांना कळणारही नाही.”

ती थोडा वेळ त्याचा शर्ट पिळत राहिली. “मला एक सांगा. मास्तरांना वाईट वाटेल म्हणून गप्प आहात, की भिंत मोडावी लागेल म्हणून?”

त्याने नळी उचलून गुंडाळायला घेतली. तिने पुन्हा विचारलं नाही. पाणी तापलंय, एवढंच म्हणाली.

चौथ्या रविवारी मास्तर कुदळ घेऊन बोगद्याकडे निघाले तेव्हा गवंडी आडवा आला. “मास्तर, जरा इकडे या.” त्याने मास्तरांना भिंतीपाशी बसवलं. बुजवलेला चिखल वाळून आपोआप गळून पडला होता. प्लास्टिकच्या पिशवीची एक पट्टी फाडून त्याने भोकासमोर धरली. पट्टी फडफडली आणि फडफडतच राहिली.

नर्सबाई आणि वायरमन मागे येऊन उभे राहिले. मास्तरांनी पट्टी आपल्या हातात घेतली. हात थरथरत होता म्हणून त्यांनी मनगट गुडघ्यावर टेकवलं. पट्टी तरीही फडफडत होती.

“जागा मी दाखवली होती,” गवंडी म्हणाला.

“हो. आणि मी मान डोलवली होती. अकरा वर्षांचं मला काही वाटत नाही, गवंडीबुवा. न कळता माणूस कुठेही खणतो. कधी लक्षात आलं?”

“त्यानंतरचा हा चौथा रविवार.”

मास्तरांनी मान वर केली. एवढ्या वर्षांत गवंड्याने त्यांचा असा चेहरा पाहिला नव्हता.

“मग ते तीन का ठेवून घेतलेत?” ते म्हणाले. “मोजकेच होते माझ्याकडे. तुम्हाला माहीत होतं.”

गवंड्याने भिंतीचा वरचा दगड काढला, बाजूला ठेवला, दुसरा काढला. वायरमन मदतीला पुढे झाला तसा म्हणाला, “राहू दे. ही मीच मोडतो.”

भिंतीचा उजवा अर्धा भाग उतरवून, ढिगाऱ्यातून माणूस सरपटेल एवढा चर काढायचा ठरलं. निघणारा चिखल टाकायला जागा एकच होती, ती म्हणजे शंभर फुटांचा बोगदा. “अकरा वर्षं कपाट रिकामं केलं,” वायरमन म्हणाला, “आता परत भरा!” नर्सबाई हसल्या, मास्तर हसले नाहीत, पण बादली त्यांनीच पुढे सरकवली.

गवंड्याने कामावरून तीन दिवस रजा घेतली. एका आठवड्यात एक, असे तीन मंगळवार तो वायरमनला घेऊन गेला. मास्तरांना आदल्या दिवशी निरोप धाडायचा, आणि तेही यायचे. बोलणं कामापुरतं. इकडे धरा, तिकडे सोडा.

पावसाळा तोंडावर आला. बाहेर दोन दिवस झड लागलेली असताना कोनाड्यातला शेवटचा दगड हलला आणि वाऱ्याचा झोत सरळ चरात आला. मास्तर आत शिरले. आधी बुटांचे तळवे दिसत होते, मग तेही दिसेनात. गवंडी चराच्या तोंडाशी खांदा लावून बसला. चिखलाची डावी बाजू ओली होती, ती ढासळणार नाही याचा त्याला भरवसा नव्हता. दालनाच्या तळाशी पाणी चढायला लागलं होतं.

“मास्तर, पाच मिनिटं!” नर्सबाई ओरडल्या.

आतून आवाज आला, लांबून आल्यासारखा. “उभं राहता येतंय! छप्पर दिसत नाही!”

दहा मिनिटांनी ते बाहेर आले. गवंड्याने दोन्ही काखांत हात घालून त्यांना ओढून घेतलं. ते बसून राहिले, धापा टाकत, तोंड उघडं. गवंडी त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

“मास्तर, ते तीन रविवार...”

“ते गेले,” मास्तर म्हणाले. आवाजात राग नव्हता. “मंगळवार दिलेत, त्याबद्दल उपकार मानतो. पण ते रविवारही असते, तर आज मी ते छप्पर कुठे संपतं तेही बघून आलो असतो. पुढच्या वर्षी तुम्ही बघा, आणि मला येऊन नीट सांगा. जसं असेल तसं.”

“सांगतो.”

“लगेच सांगा.”

“लगेच सांगतो, मास्तर.”

पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. वायरमनने दोर गुंडाळला. बादल्या सहा होत्या. चार गवंड्याने उचलल्या. उरलेल्या दोन नर्सबाई घ्यायला गेल्या, तर मास्तरांनी मान हलवली आणि त्या स्वतः उचलून बाहेरच्या उजेडाकडे चालू लागले.