चष्मेवाल्याची घार

चष्मेवाल्याच्या मुलीला घरीदारी सगळे 'घार' म्हणत. नाव बाबांनीच ठेवलेलं. शाळेत जायच्या आधीच एकदा तिनं दुकानातल्या उंच खुर्चीत बसून समोरच्या दिव्याच्या पेटीवरची सगळ्यांत खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ धडाधड म्हणून दाखवली होती आणि बाबांना आकाश ठेंगणं झालं होतं. खरं तर तेव्हा तिला अक्षरं धड येतही नव्हती. ओळ येत होती, कारण गिऱ्हाइकं दिवसभर तीच तर म्हणत. पण कौतुकाच्या भरात एवढा विचार कोण करतो! तेव्हापासून कुणी म्हातारा "ही ओळ कुणाच्या बापाला दिसणार?" म्हणून कुरकुरला की बाबा तिला हाक मारत, ती ओळ म्हणे आणि बाबा म्हाताऱ्याकडे बघून म्हणत, "बघा, आमची घार!" स्वतः बाबांच्या नाकावर बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा होत्या. लहानपणी पोरांनी 'ढापण्या, ढापण्या' म्हणून त्यांना नको जीव केला होता. मुलीचे डोळे म्हणजे त्यांनी पोरांवर उगवलेला सूडच होता.

आता घार नववीत होती. ओळ अजून तोंडपाठ होती, फक्त दिसत नव्हती.

हे तिचं तिलाच वर्षभरापूर्वी कळलं. दुरुस्तीला आलेला कुणाचातरी चष्मा पुसता पुसता तिनं गंमत म्हणून डोळ्यांवर चढवला आणि रस्त्यापलीकडच्या झाडाला एकदम सुटी सुटी पानं दिसायला लागली. तिनं घाबरून चष्मा काढला, तर झाड पुन्हा हिरवा गोळा. त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. पण तेवढ्यात कुणी आजोबा आले, बाबांनी हाक मारली आणि तिनं सवयीनं ओळ म्हणून टाकली. एकदा म्हटल्यावर दुसऱ्यांदा म्हणणं आलंच. पहिलं खोटं माणूस स्वतः बोलतो, पुढची त्याच्याकडून बोलवून घेतली जातात. वर्गात ती पहिल्या बाकावर जाऊन बसली, तर हुशार म्हणून नाव झालं तेवढं फुकटात.

एवढ्यावर भागलंही असतं. पण घारीला व्हॉलीबॉलचं वेड होतं. ती उंच होती, उडी चांगली होती आणि हात तयार होते. जवळून आलेला चेंडू तिच्याकडून कधी खाली पडत नसे. लांबून, उंचावरून आलेली सर्व्हिस मात्र तिला शेवटच्या क्षणी दिसायची. मारणाऱ्या मुलीचा खांदा कुठे वळला, हातावर आवाज कसा झाला, यावरून ती आधीच अंदाज बांधून पळायची. दहापैकी सहा वेळा अंदाज खरा ठरे. उरलेल्या वेळी चेंडू तिच्या शेजारी पडे आणि मुली म्हणत, "अगं, लक्ष कुठे होतं?"

त्या आठवड्यात खेळाच्या बाई तिला म्हणाल्या, "शनिवारी सकाळी निवड आहे. तू यायचंस." घार पेचात पडली. जावं, तर शाळेच्या संघासमोर चेंडू सुटणार. चष्मा लावून जावं, तर बाई मागेच सांगून बसलेल्या, चष्मेवाल्यांनी बुद्धिबळ खेळावं. एका मुलीचा चष्मा चेंडू लागून फुटला होता आणि भुवईला टाके पडले होते, तेव्हापासून त्यांनी धसका घेतला होता. आणि चष्मा लावायचा तर आधी बाबांना सांगायला नको? न जाणं सगळ्यांत सोपं होतं. पण पुढच्या वर्षी मोठी परीक्षा, तेव्हा घरात चेंडूचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. तिचं जेवणावरून मन उडालं.

"जायचं नाही," असं तिनं गुरुवारी पक्कं केलं. त्याच संध्याकाळी तिची मैत्रीण ढमी आजोबांच्या चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला दुकानात आली. ढमीच्या पोटात तीळ भिजत नसे.

"काका, घार शनिवारी सिलेक्शनला येणार ना? बाईंनी स्वतःहून बोलावलंय तिला!"

बाबांच्या हातातला स्क्रू खाली पडला. तो शोधायला तिघं जमिनीवर रांगले आणि रांगता रांगताच बाबांनी जाहीर केलं, "शनिवारी सकाळी दुकान बंद! मी बघायला येणार."

"कशाला, बाबा? गिऱ्हाइकं परत जातील."

"जाऊ देत! माझी पोर रोज रोज संघात निवडली जाते का?"

दुकान कधी बंद राहत नसे. घारीला वाटलं, आता सुटका नाही. मैदानावर बाकी कुणाला कळलं नाही तरी बाबांना कळणार. माणूस दारातून आत आला की त्याच्या मान उचलण्यावरून आणि डोळे बारीक करण्यावरून ते नंबर ओळखत. दोन चेंडूंत त्यांच्या लक्षात येईल, तेही सगळ्यांच्या देखत.

मग तिनं पाय मुरगळून घेतला. म्हणजे तसं सांगितलं. शुक्रवारी सकाळी ती लंगडत शाळेत गेली आणि लंगडत दुकानात आली. आई फळीवरच्या फ्रेमा लावत होती. तिनं एक नजर टाकली.

"काय गं, सकाळी डावा दुखत होता ना?"

घार जागच्या जागी थांबली.

"दुखणं हिंडतंय वाटतं," आई म्हणाली. "जायचं नसेल तर नाही म्हण की सरळ. पायाला कशाला बदनाम करतेस?"

घारीला हसूही आलं आणि डोळे भरूनही आले. आई पुढे काही विचारेना, तेच जास्त जड झालं. बाबा शेवटच्या गिऱ्हाइकाला पोचवून आत आले तेव्हा ती उंच खुर्चीत जाऊन बसली होती.

"बाबा, पेटीची दुसरी बाजू लावा."

"का गं?"

"लावा ना."

वेगळ्या अक्षरांची ती बाजू बाबा क्वचित वापरत. त्यांनी हसत हसत खटका फिरवला. घारीनं पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली, तिसरीत अडखळली. त्याखाली नुसत्या राखाडी रेघा होत्या.

"पुढे?" बाबा म्हणाले. अजून त्यांना चेष्टाच वाटत होती.

"पुढचं दिसत नाही. त्या बाजूचंही दिसत नाही, बाबा. वर्ष झालं. मी पाठ म्हणते."

बाबांचं हसू चेहऱ्यावरून जायला थोडा वेळ लागला. त्यांनी चाचणीची जड फ्रेम तिच्या नाकावर ठेवली आणि खोबणीत एकेक काच सरकवू लागले. "आता? आणि आता?" गिऱ्हाइकाला विचारतात तसंच विचारत होते. नंबर दोनच्या आसपास निघाला.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," आई दारातून म्हणाली.

घार ओरडा खायच्या तयारीनं बसली होती. बाबा तिच्यासमोरच्या स्टुलावर टेकले.

"तू पाठ म्हणायचीस हे खरं," ते म्हणाले. "पण मी तरी काय करायचो? दर वर्षी म्हणायचो, हिला एकदा नीट तपासू. आणि दर वर्षी तीच ओळ म्हणून घ्यायचो. ऐकलं की बरं वाटायचं. भीती वाटायची गं मला, माझेच डोळे तुला आले असतील म्हणून."

घाबरणारी आपण एकटीच नव्हतो, हे घारीला नवीन होतं. तिला बाबांचा राग आला, आणि त्यांची कीवही आली.

"काचा आत्ता घासून देतो," बाबा म्हणाले. "न फुटणाऱ्या आहेत माझ्याकडे. मागून पट्टा लावू. पण एक सांगतो, नवा चष्मा पहिल्या दिवशी फसवतो. जमीन वर आल्यासारखी वाटते, पाऊल चुकतं. उद्या कदाचित नेहमीपेक्षा वाईट खेळशील. न लावता गेलीस तर निदान अंदाजाची सवय तरी आहे. तू म्हणशील तसं."

घासायचं यंत्र गुरगुरत होतं तोवर ती तिथेच बसून राहिली. अंदाजावर गेलं तर दहातले सहा मिळतील, कदाचित तेवढ्यात निवडही होईल. मग पुढे प्रत्येक सामन्यात पुन्हा हेच. नुसत्या विचारानंच ती दमून गेली.

"लावून जाते," ती म्हणाली. मग घाबरून लगेच विचारलं, "तुम्ही याल ना?"

शनिवारी मैदानावर पाऊल टाकलं तर जमीन खरंच वर आलेली. घार पाण्यात चालल्यासारखी पाय उचलत होती. ढमीनं तोंडावर हात ठेवला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय? कालपर्यंत चष्मा नव्हता."

"लागत होता, बाई. घातला नव्हता."

बाईंनी काचेवर नखानं टकटक करून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला आणि नाराजीनं मागच्या रेषेकडे बोट दाखवलं. तारेच्या कुंपणापलीकडे बाबा उभे होते. घारीनं तिकडे बघायचं टाळलं. पलीकडच्या मुलीनं सर्व्हिस मारली. चेंडू हातातून सुटला तेव्हापासून दिसला, वर चढताना दिसला, फिरताना दिसला. इतका वेळ हाताशी असतो हे तिला माहीतच नव्हतं, आणि त्या वेळेचं काय करायचं ते सुचेना. ती बघतच राहिली, हात उशिरा गेले, चेंडू मनगटावर आपटून भलतीकडे उडाला. कुणीतरी फिसकन हसलं.

तेवढ्यात कुंपणाकडून बाबांचा आवाज आला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असा. "बाई, तिची चूक नाही! माझा नंबर चुकला असेल! मी घाईत काढलाय!"

सगळ्या मुली माना वळवून चष्मेवाल्याकडे बघू लागल्या. त्यांनी तार दोन्ही हातांनी धरली होती आणि जाड काचांमागचे डोळे पाण्यानं भरले होते. एवढ्या लांबून ते घारीला स्वच्छ दिसले.

"नंबर बरोबर आहे, बाबा!" ती त्याहून मोठ्यानं ओरडली. "मला दिसला चेंडू! माझाच हात चुकला!"

मग ती बाईंकडे वळली.

"बाई, अजून एक द्या," ती म्हणाली.