मोटार क्लबचा खजिनदार

खंडेनवमीची सकाळ होती. ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती आणि मी शस्त्रागाराच्या दाराशी उभी राहून रायफली एकेक करून बाहेर काढून घेत होते. पूजेच्या घाईत काही इकडचं तिकडे झालं तर उत्तर प्रभारी अधिकाऱ्याला द्यावं लागतं, आणि वाशीम जिल्ह्यातल्या त्या शहर ठाण्याची प्रभारी मी होते. अंगणात दोन शिपाई जीप धूत होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं ते त्या दिवशी आलेल्या एका लहानशा प्रकरणात. म्हणून ते सांगते.

आधी फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "मॅडम, ते जुन्या मोटारवाल्यायचा क्लब हाय ना, त्याचा खजिनदार पैसे घेऊन परदेशात पळून राह्यला. पासपोर्टचा कागद तुमच्याच टेबलावर असन, पाहा."

पाहिलं. खरंच होता. निनावी फोन करणाऱ्याची निम्मी माहिती खरी असते, म्हणूनच तो घातक.

तासाभरात क्लबचे अध्यक्ष लेखी तक्रार घेऊन आले. जैन कापड व्यापारी, गावाचे सेठ, बोलायला मऊ, त्या दिवशी मात्र तापलेले. दहा-बारा जणांचा हा क्लब. प्रत्येकाकडे वडिलांच्या किंवा आजोबांच्या वेळची मोटार. पंधरा ऑगस्टला आणि दसऱ्याला मिरवणूक काढायची, उरलेलं वर्षभर गाडीखाली झोपायचं. सगळ्या गाड्या अध्यक्षांच्या बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये राहतात. त्या शेडवर नवे पत्रे टाकायला सर्वांनी वर्गणी जमवली होती. आदल्या दिवशी पत्रेवाला पैसे मागायला आला, अध्यक्ष खजिनदाराच्या दुकानात गेले, तर तो म्हणाला, "कायचे पैसे?" गिऱ्हाइकांसमोर शब्दाने शब्द वाढला आणि अध्यक्ष त्याला चोर म्हणून बाहेर पडले.

हा खजिनदार म्हणजे गावातला स्पेअर पार्टचा दुकानदार. त्याला सगळे चाचा म्हणत. साठीचा, चांगल्या नावाचा माणूस. आईला मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला न्यायचं म्हणून त्यांनी पासपोर्टसाठी अर्ज केला होता आणि त्याची पोलीस पडताळणी माझ्याकडे होती. अफरातफरीचा गुन्हा दाखल झाला की माझा शेरा प्रतिकूल जाणार आणि पासपोर्ट अडकणार. मी तक्रारीची स्टेशन डायरीला नोंद केली, पण गुन्हा लगेच दाखल केला नाही. आधी प्राथमिक चौकशी करायची ठरवली आणि चाचांना बोलावलं.

ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले.

"क्लबचे पैसे कुठे आहेत?"

"मॅडम, माह्याकडं कायले असतीन?"

"तुम्ही खजिनदार आहात म्हणून."

"मी? कवापासून?"

"पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला सभा झाली तेव्हापासून."

"करीले तं मी अकोल्यात होतो. अम्मीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. खजिनदार कोनं केलं मले? अन् काहून केलं?"

खोटं बोलणारा उत्तरं भराभर देतो. विचारलं नाही तेही सांगतो. हा गृहस्थ मलाच प्रश्न विचारत होता. तरी नुसत्या चेहऱ्यावर सोडून देता येत नाही. उठताना ते म्हणाले, "मले दिवसभर बसवून ठेवा, हरकत नाही. पर तो कागद अडवू नका. अम्मीचे गुडघे पुढल्या सालापर्यंत थांबत नाही आता."

मी काही आश्वासन दिलं नाही. नियमात ते बसत नव्हतं.

मग अध्यक्षांना विचारलं, गैरहजर माणसाला खजिनदार कसं केलंत? ते जरा ओशाळले. "आमच्यात ते पद घ्याले कोनीच तयार होत नाही, मॅडम. मंग जो सभेले आला नाही, त्याच्याच गळ्यात टाकतो आमी. दरसाल असंच चालते."

"आणि त्याला कळवतं कोण?"

इथे त्यांनी तक्रारीचा कागद पुन्हा सरळ केला. म्हणाले, "सचिवानं सांगतलं असन."

एवढं पुरेसं होतं. क्लबचे सचिव, किन्हीराजा गावचे कृषी केंद्रवाले, आणि मागचे खजिनदार, केनवडचे निवृत्त गुरुजी, दोघांना बोलावून घेतलं. तिघांना वेगवेगळं बसवलं. अध्यक्ष माझ्या खोलीत, सचिव रेकॉर्डच्या खोलीत, गुरुजी अंगणात धुतलेल्या जीपजवळ. तिघांना एकच प्रश्न. अध्यक्ष म्हणाले सचिवानं सांगितलं. सचिव म्हणाले, "मी कायले सांगू? गुरुजीनं चार्ज देला, त्यायनंच सांगतलं असन." गुरुजी म्हणाले, "अध्यक्ष असताना मी सांगणं बरं दिसत नाही. त्यांनीच कळवलं असणार."

म्हणजे कुणीच सांगितलं नव्हतं. चाचांचं अर्धं ओझं उतरलं, पण पैशाचा प्रश्न उरलाच.

"गुरुजी, तुम्ही चार्ज दिला म्हणता. पैसे कुणाच्या हातात दिले?"

"हातात नाही. आमच्यात खजिनदाराच्या गाडीत ठेवायची पद्धत आहे, समोरच्या सीटच्या खाली, स्प्रिंगांमध्ये. माझ्याकडेही तसेच आले होते. चाचांची गाडी शेडमध्ये उभी होती. थैली आत सारली आणि आलो."

"कुलूप?"

"त्या गाडीचं दार आम्हाला धड उघडता येत नाही मॅडम, चोराला काय येणार?"

मला हसू आलं नाही. महिना उलटून गेला होता, शेडला कुलूप नावापुरतं, आणि थैलीवर कुणाचीच नजर नव्हती. बाजूच्या चहावाल्याला आणि एका गिऱ्हाइकाला पंच म्हणून घेतलं, चाचांनाही बोलावलं आणि सगळ्यांना घेऊन शेडवर गेले.

चाचांची काळी मोटार कोपऱ्यात होती. गुरुजींनी दार ओढलं. आत ड्रायव्हरच्या जागी सीटच नव्हती. प्लास्टिकची खुर्ची पाय कापून बसवलेली होती.

गुरुजींचा चेहरा उतरला. "सीट कुठं गेली?"

"सेठनं नेली," चाचा म्हणाले. "मागच्या आठवड्यात फोन आला, चाचा, माह्या सीटच्या स्प्रिंगा गेल्या, मिरवणुकीपुरती तुमची देता काय? म्हटलं घेऊन जा."

मिरवणूक जवळ आली की या लोकांमध्ये हॉर्न, दिवे, आरसे, सीटा एकमेकांच्या गाडीला लागतात, हे मला तिथे कळलं. सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. अध्यक्ष त्यांच्या तपकिरी मोटारीकडे पाहत होते. सकाळी ते तीच घेऊन तक्रार द्यायला आले होते.

पंचांसमक्ष सीट उचलली. स्प्रिंगांत अडकलेली खादीची थैली निघाली. एका कोपऱ्याला उंदरांनी तोंड लावलं होतं, आतली रक्कम मात्र पूर्ण होती. पंचनामा केला.

"त्याच्यावर बसूनच तुमी मले चोर म्हनाले ना, सेठ?" चाचा म्हणाले. आवाज चढला नव्हता. अध्यक्षांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "चुकलो, चाचा. दुकानात येतो, तिथंच माफी मागतो, गिऱ्हाइकायसमोर." चाचांनी सीटवरची धूळ झटकली. मग म्हणाले, "या. सीट राहू द्या उद्यापर्यंत. पर खजिनदार मी नाही."

"मंग कोन?" सचिवांनी विचारलं आणि लगेच आज कोण आलं नाही हे मोजू लागले.

मी म्हटलं, "हजर असलेल्यांपैकीच होईल. आत्ता. लेखी, सहीनिशी." अध्यक्षांनी स्वतःचं नाव दिलं. गैरसमजातून तक्रार दिल्याचा त्यांचा जबाब मी तिथेच बोनेटवर लिहून घेतला. निनावी फोनचा नंबर शोधला तो दुसऱ्या एका स्पेअर पार्टवाल्याचा निघाला. त्याला ठाण्यात बोलावून तेच लेखी द्यायला सांगितलं. "मी तं ऐकलेलं सांगतलं," म्हणाला. त्याला समज दिली.

फुकट काम करणाऱ्यांच्या संस्थेत चोर क्वचित असतो. तिथे प्रत्येकजण भला असतो आणि प्रत्येकाला वाटतं की अवघड गोष्ट दुसऱ्या भल्या माणसाने केली असणार. पुढल्या वर्षी गणेश मंडळांच्या बैठकीत मी पहिला प्रश्न पैशाचा विचारला नाही. तुमच्या खजिनदाराला उभा करा, म्हटलं, आणि त्याच्याच तोंडून ऐकलं की तो खजिनदार आहे. दोन मंडळांत उभा राहायला कुणी नव्हतं.

थैली सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी बंदोबस्ताला निघण्याआधी चाचांच्या पडताळणीवर 'प्रतिकूल काही नाही' असा शेरा मारला, सही केली आणि अहवाल माझ्यासमोरच पुढे पाठवायला लावला. मग त्यांना फोन केला. "अहवाल गेला. अम्मींना चांगल्या चपला घ्या, तिकडे चालणं फार असतं." ते काही बोलायच्या आत फोन ठेवला, टोपी घातली आणि जीपमध्ये बसले.