सखारामच्या नावानं मारलेली फुंक

"सिलिकोसिस," डॉक्टर म्हणाले आणि एक्स-रे उजेडात धरला. "कारखान्यातली बारीक धूळ फुफ्फुसात बसलीय. ती निघत नाही. पण आता धुळीपासून लांब राहिलात, तर आजार सावकाश वाढेल."

शेजारी बायको रडत होती. मला मात्र सखाराम आठवत होता. दीड वर्षापूर्वी तो याच दुखण्यानं गेला, आणि त्यात माझा हात होता.

जालन्यात लोखंड वितळवणाऱ्या कारखान्यात आम्ही दोघं भट्टीवर होतो. भट्टीचा आतला जुना थर फोडायचा आणि पांढरी भुकटी ठोकून नवा थर बसवायचा, हे आमचं काम. तोंडाला रुमाल बांधला की झालं, असं आम्हीच एकमेकांना सांगायचो.

वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. तिच्यात स्पायरोमेट्री व्हायची, म्हणजे नळीत जोरात फुंकायचं आणि छातीत किती दम आहे ते यंत्र सांगायचं. फुंक कमी भरली की माणूस सरळ घरी. हलकं काम द्यायची पद्धतच नव्हती. मग भट्टीवाल्यांनी आपली पद्धत काढली. ज्याची छाती दणकट, त्यानं दुसऱ्याचं कार्ड घेऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं. डोक्यावर हेल्मेट, अंगावर तोच निळा ड्रेस. कोण बघतंय?

दणकट छाती माझी. फार मिजास होती मला तिची.

"बाबू, मला फुकणं होऊन न्हाई राह्यलं," सखाराम म्हणाला. "काढून टाकतेत मला. तूच फुक, जल्दी."

मी फुंकलं. गाडीतली मुलगी म्हणाली, "वा काका, एक नंबर!" बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो.

तीन वर्षं मी त्याच्या नावानं फुंकलं. चौथ्या वर्षी त्याला चार पायऱ्या चढवेनात, आणि सहा महिन्यांत तो गेला. नंतर माझा खोकला सुरू झाला.

दवाखान्यात आठ दिवस काढले. टीबी नाही ना, म्हणून थुंकी तपासली, सीटी स्कॅन झालं. बाहेरच्या बाकावर कुणी खोकलं की मी दचकून वळायचो. तो खोकला हुबेहूब सखारामचा वाटायचा. औषधानं माझी धाप कमी झाली, पण हे दचकणं अजून गेलेलं नाही.

घरी आल्यावर मॅनेजरसाहेबांना सगळं खरं सांगितलं. नोकरी गेलीच, असं धरून चाललो होतो. साहेबांनी मला काढलं नाही, तपासणीची पद्धतच बदलली. आता कार्डावर फोटो असतो, धूळ ओढणारे पंखे बसलेत, चांगला मास्क मिळतो. फुंक कमी भरली तर त्याच पगारात स्टोअरमध्ये काम मिळतं. मीही तिथेच आहे. यंदा भट्टीवरचे चौघे आपणहून म्हणाले, की दम लागतो. याबद्दल मी कारखान्याचे मनापासून आभार मानतो. पण हेच आधी असतं, तर सखारामला माझ्यापुढे कार्ड धरावं लागलं नसतं. तुमच्याकडे अशी गाडी येत असेल, तर कृपा करून स्वतःच फुंका.

सांगायचं राहिलं होतं ते सखारामच्या बायकोला, राधावहिनींना. त्यांना तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. शेवटी परतूरला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी होती.

वहिनींनी विचारलं,

"तुमी फुकलं व्हतं, भाऊजी?"

मी मान हलवली.

"ह्ये खोकायले की मी म्हणायचे, रिपोर्ट तर बराबर हाय, कामाचा कंटाळा आला का? डबा हातात देऊन धाडायचे मी त्यायला." त्यांनी पदर तोंडाशी धरला. "एकडाव बी म्हणले न्हाईत, की ती फुक माझी न्हवती."