अखंड म्हटलेला खडक

वैशाखातली दुपार होती. ओसरलेल्या विहिरीतून शेवाळाचा आणि गाळाचा वास मुलुंडच्या आमच्या आवारात दाटून राहिला होता, आणि बाबा कठड्यावर हात टेकून खाली पाहत उभे होते. कोकणातून आलेल्या या माणसाने गिरणी बंद पडल्यावर त्या विहिरीलाच आपली नोकरी मानलं होतं: पाला काढायचा, मासे सोडायचे, बागेला पाणी पुरवायचं.

शेजारी टोलेजंग इमारतीच्या पायासाठी खोदकाम सुरू झालं, तेव्हा त्यांनी मला विचारलं होतं, "आपलं पाणी तिकडे जाणार नाही ना गं?"

माझं आयुष्य परमुलखातल्या चुनखडकांतलं भूजल अभ्यासण्यात गेलं. तिथे पाणी थरांच्या सांध्यांत शिरतं, दगड विरघळवत आपली वाट रुंदावतं, आणि जिथे खडक भंगून सरकलेला असतो तिथे अचानक दिशा बदलतं. "बाबा, इथे चुनखडक नाही," मी घाईत म्हणाले, "मधे अखंड काळा पाषाण आहे. निश्चिंत राहा."

ते निश्चिंत राहिले. "माझी मुलगी त्यातलीच आहे," असं सोसायटीच्या सभेतही सांगून आले, आणि खोदकामाला कुणी हरकत घेतली नाही.

खड्ड्यातलं पाणी पंपांनी उपसलं जाऊ लागलं, आणि पंधरवड्यात विहिरीचं पाणी खाली गेलं.

उरलेले मासे वाचवायला मी लोखंडी पायऱ्यांवरून उतरले. आजवर पाण्याने झाकलेला खडक उघडा पडला होता: दोन काळ्या थरांमध्ये विटकरी मातीची पट्टी, आणि ती तोडून, एका बाजूचा थर वीतभर खाली सरकवत, थेट खोदकामाच्या दिशेने गेलेली तिरपी भेग. मी हात घातला; तो कोपरापर्यंत आत गेला.

"बाबा, चुकलं माझं," वर येऊन मी म्हणाले.

"तू काय मुद्दाम केलंस काय? बादली नीट धर."

रिक्षाने आम्ही पवईच्या तलावाकडे निघालो. निम्मे मासे वाटेतच उताणे झाले. उरलेले बाबांनी ओंजळीने, एकेक करून, पाण्यात सोडले.

परक्या कुणी विचारलं असतं, तर खडक पाहिल्याशिवाय मी शब्दही उच्चारला नसता. वडिलांना मात्र मी उत्तराऐवजी दिलासा देऊन मोकळी झाले, आणि त्यांनी त्यालाच ज्ञान मानलं.

मी पुन्हा कामावर परतले. हल्ली ते फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारतात. मी हो म्हणते, आणि ते आणखी काही विचारतील या आशेने फोन ठेवण्याआधी जरा थांबते.