विरजण

सातपूरच्या एका कारखान्यात मी तेलविहिरींसाठी रसायनं तयार करायचो. तेलाबरोबर खारं पाणी वर येतं आणि त्यातले क्षार नळांत थर धरतात. बोअरच्या पाण्यानं गीझरच्या कॉईलवर पांढरी पुटं चढतात, तसेच. थर रोखणारं जुनं रसायन कामाला चोख होतं, पण समुद्रात सोडलं की तसंच राहायचं. आम्हाला काम झाल्यावर कुजून जाणारं हवं होतं.

नव्वदचं दशक संपता संपता तसं एक सापडलंसं वाटलं. पंचवटीच्या खालच्या अंगाचं गढूळ नदीचं पाणी आणून त्यात ते मिसळलं आणि बाटल्या अठ्ठावीस दिवस अंधारात ठेवल्या. जंतू रसायन खाऊ लागले की बाटलीतला प्राणवायू उतरतो. तो उतरलाच नाही.

मालक म्हणाले, "आणखी एकदा बघा. नाहीतर हे काम बंद."

बायको तेव्हा कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेली. तिच्या सांगण्यावरून मी दही लावायला शिकत होतो.

"अहो, थांबा! बोट बुडवून बघा आधी. एवढ्या कढत दुधात विरजण मरून जाईल."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. क्षारांच्या चाचण्यांत पाणी उकळून गाळून घ्यायची माझी सवय. नदीचं पाणीही मी उकळलं होतं. तिला सांगितलं, तर हसता हसता तिला खोकला लागला.

"एमएस्सी ना तुम्ही? गोदावरी उकळलीत आणि कुजायची वाट बघत बसलात! आता निकाल आधी मला सांगायचा. मालकांना नंतर."

दुसऱ्याच दिवशी नव्या बाटल्या भरल्या. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज कितवा?"

एकोणिसाव्या दिवशी तिनं विचारलं नाही. बाविसाव्या दिवशी ती गेली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी सुतकातच प्रयोगशाळेत गेलो. रसायन नसलेल्या बाटलीत प्राणवायू होता. रसायनाच्या बाटलीत जवळजवळ संपला होता. मालक दारातच उभे होते. त्यांना आधी सांगावं लागलं. काम बंद होणार नव्हतं.

घरी आलो. शेजारच्या वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. फ्रीजमध्ये मी लावलेल्या दह्याची वाटी होती, वर हिरवट बुरशी आलेली.

"द्या, टाकून देते. विरजण माझ्याकडचं घ्या."

मी वाटी सोडली नाही. "आज अठ्ठाविसावा," मी म्हणालो.

त्यांना वाटलं, माझी सुतकाची मोजणी चुकली.

"नाही हो भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या, "आज सातवा."