नवमीची सवाष्ण

दूध तापवायच्या आधी मी पिशवीवरची तारीख वाचते आणि तरीही नाकाला लावून बघते. भाजीवाला वजन करताना काट्याकडे बघत नाही, मी बघते. मोरिवलीच्या एका कारखान्यात हजेरीपत्रकं तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. कोणाचा ओव्हरटाइम खरा आणि कोणी मित्राकडून कार्ड पंच करून घेतलंय, हे मला तोंडाकडे बघून कळायचं. नवरा म्हणतो, निवृत्त झालीस पण तपासणी काही थांबली नाही. त्याला बोलायला काय जातं? विश्वास टाकून फसलेल्या माणसांची यादी करायला बसलं तर आमच्या अंबरनाथात वही पुरायची नाही.

त्यामुळे गणपती गेल्यावर काकांचा फोन आला तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वांगणीच्या पुढच्या आमच्या गावात तेच शेती बघतात. बाबा तरुणपणीच नोकरीसाठी बाहेर पडले, आता ऐंशीच्या पुढे गेलेत आणि बदलापूरला एका छोट्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात.

"दादाला घेऊन ये," काका म्हणाले. "पक्ष संपला की पहिल्या माळंला रजिस्टर ऑफिसात जायचंय. एक सही हाय त्याची."

"कसली सही?"

"तू ये तर. फोनवर काय सांगू?"

"काका, आजोबांनी काही लिहून ठेवलं होतं का? मृत्युपत्र वगैरे?"

पलीकडे काकांनी आधी कोंबड्यांना हुसकावलं. "काय नाय लिवलं," ते म्हणाले. "आनी तू जुनं कागद उकरत बसू नको. दादाला या वयात तरास नको."

कागद उकरू नको, असं मला सांगणं म्हणजे मांजराला दुधाची जागा दाखवणं. वांगणीच्या आसपास आता शेतापेक्षा बिल्डरांचे बोर्ड जास्त आहेत. माळावरची आमची जमीन घ्यायला एक जण येऊन गेल्याचं मला आधीच कळलं होतं. त्यात ही न सांगता घ्यायची सही. मी ठरवलं, पितृपक्षात कोणी खरेदी-विक्री करत नाही, म्हणजे आपल्याकडे पंधरवडा आहे. तेवढ्यात घराण्याचा सगळा कागद बाहेर काढायचा.

आमचं गाव जागचं हललं नाही, पण तालुका बदलत राहिला. आधी कल्याण, मग उल्हासनगर, आता अंबरनाथ. जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, त्या-त्या तालुक्याच्या कचेरीत राहिले. मी डबा घेऊन निघायची आणि बाकावर बसून राहायची. पणजोबा गेल्यावरची वारसनोंद मिळाली, त्यांच्या वडलांचीही मिळाली. एक गोष्ट लक्षात आली आणि मनाला लागली. आमच्या घरातल्या बायका या कागदांत पहिल्यांदा येतात त्या 'मयताची विधवा' म्हणूनच. खापरपणजी तशीच, पणजी तशीच, आणि आजोबा गेल्यावर आजीही तशीच. नवरा असेपर्यंत सरकारला त्यांचा पत्ताच नाही.

सातबाऱ्यावर मला हवं ते सापडलं. माळ दोघा भावांच्या नावावर होता. पण ओढ्याकाठचं शेत, जिथे बारमाही पाणी आहे, ते एकट्या काकांच्या नावावर. मी बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "तो कसतो, म्हणून मीच म्हटलं होतं नाव तुझं राहू दे. त्यात काय?" बाबांचं हे असं आहे. रिक्षावाला सुटे नाहीत म्हणाला की त्यांना ते खरंच वाटतं.

मग आजोबांचं मृत्युपत्र कुठे नोंदवलेलं आहे का, ते बघायला मी उल्हासनगरला गेले. नोंदणी कार्यालयाच्या समोर झेरॉक्स आणि टायपिंगच्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका सिंधी दुकानदाराने मला बसायला स्टूल दिलं. "मॅडम, दादाजींचा डेथ सर्टिफिकेट है ना? मग अर्ज टाका. विल असेल तर निकलेल, नसेल तर तुमचा नसीब." त्याच्यावरही माझा विश्वास नव्हता. अर्ज मी स्वतः लिहिला आणि पावती पर्समध्ये आतल्या कप्प्यात ठेवली.

मृत्युपत्र निघालं. नक्कल हातात आली तेव्हा मी तिथेच जिन्यात उभी राहून वाचली. आजोबांनी लिहिलं होतं, माझ्या पश्चात माझ्या पत्नीने राहत्या घरात हयात असेपर्यंत राहावे. पुढे आजीचं नाव. आणि खाली, ओढ्याकाठचे शेत थोरल्या मुलाच्या आईचे दागिने मोडून घेतले असल्याने ते थोरल्यासच मिळावे, धाकट्याने त्यात हक्क सांगू नये. तिथेही बाईचं नाव होतं, पण आजीचं नव्हे, वेगळंच.

या वेगळ्या नावापाशी मी अडखळले, नाही असं नाही. पण आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहितात आणि जुनं त्या दिवसापासून संपतं. माझ्या आईचं माहेरचं नाव मला शाळेत असताना कळलं होतं, तेही मामाच्या तोंडून. दागिने आजीच्या माहेरचे, म्हणून आजोबांनी तिथे माहेरचं नाव घातलं. मला माझंच कौतुक वाटलं. शिवाय माझं लक्ष नावावर नव्हतंच, शेतावर होतं. काका म्हणाले होते काही लिहिलं नाही, आणि इथे शिक्क्यासकट लिहिलेलं होतं. इतकी वर्षं मोठ्या भावाचं शेत दाबून बसले आणि आता सही घेऊन कायमचं गिळायला निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बदलापूरला बाबांकडे मृत्युपत्राची झेरॉक्स ठेवली. त्यांच्या खोलीत आजीचा मोठा फोटो आहे. आंघोळ झाल्यावर ते त्याला एक फूल वाहतात, ते वाहिल्याशिवाय चहा घेत नाहीत. आईने मला ताटातलं काढून खायला घातलं, स्वतः उपाशी राहून शिकवलं, हे सांगताना आजही त्यांचा आवाज बदलतो. त्या फोटोखालीच टेबलावर मी कागद ठेवला. "हा नीट वाचा. मी गावाला जाऊन येते. तोवर काका आले तरी सही करायची नाही."

"तू भांडू नकोस हं त्याच्याशी," बाबा म्हणाले.

मी भांडायलाच गेले होते. वांगणीहून रिक्षा केली, वाटेत बोलायचं सगळं जुळवत गेले. पण काकांच्या घरात शिरले तर ओटीवर पाट मांडलेला, पुढे रांगोळी, आणि शेजारची एक लग्न झालेली बाई जेवायला बसलेली. केळीच्या पानावर खीर, वडे, भोपळ्याची भाजी. काकी तिला आग्रह करून वाढत होती. जेवण झाल्यावर काकीने तिला हळदकुंकू लावलं, बांगड्या दिल्या, ब्लाऊजपीस आणि नारळाने ओटी भरली. काकांनी मला खुणेने बस म्हटलं. जेवणाऱ्या बाईसमोर तोंड उघडणं बरं दिसलं नसतं, म्हणून मी बसले.

पितृपक्षातली ती नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईसाठी या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. लहानपणी सुट्टी काढून आम्ही यायचो तेव्हा आजीही हे करायची. आजोबा गेल्यानंतर तिने कुंकू लावणं सोडलं, तरी स्वयंपाक तीच करायची आणि कुंकू काकीकडून लावून घ्यायची. तेव्हा मी वडे खाल्ले आणि काही विचारलं नाही. मोठ्यांचं काहीतरी असेल, पणजीचं वगैरे.

पण आता माझ्या पिशवीत सगळ्या वारसनोंदी होत्या. पणजी विधवा होऊन गेली होती, खापरपणजीसुद्धा. आजी तर माझ्या डोळ्यांदेखत. नवऱ्याआधी गेलेली एकही बाई कागदात नव्हती.

बाई निघून गेल्यावर मी काकीला विचारलं, "ही नवमी कुणाची?"

"सासूबाई करायच्या म्हणून मी करते," काकी म्हणाली. "कदी चुकवू नको बोलल्या होत्या."

"पण कुणाची?"

काकी काकांकडे बघायला लागली. काका जेवणाचं पान दुमडत होते, ते तसंच हातात राहिलं. आणि मला मृत्युपत्रातलं ते दुसरं नाव आठवलं. माहेरचं म्हणून मी बाजूला सारलेलं.

"तुला कळलंच शेवटी," काका म्हणाले. ते ओटीच्या पायरीवर बसले. "दादा रांगत पन नव्हता तेव्हा त्याची आय गेली. मग आप्पांनी, म्हंजे तुज्या आजोबांनी, आमच्या आयला करून आनली. तिनं आल्या दिवशी सांगितलं म्हनं, या पोराच्या कानावर सावत्र हा शब्द पडला तर मी माहेरी निघून जाईन. गावात कोन बोललं नाय. मला तरी कुठं माहीत होतं? आयनं जाताना सांगितलं."

"आणि शेत?"

"शेत त्याच्या आयचं. आय बोलली, थोरल्याचं थोरल्याला दे, पर तो कागद त्याला दाखवू नको." काका आत जाऊन एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. "वकिलाला विचारून बक्षीसपत्र केलंय. भाऊ भावाला देतो, बस. कुटून आलं ते लिवावं लागत नाय. बिल्डरला फकस्त माळ दाखवलाय, हे शेत नाय. बक्षीस घेनाऱ्याची पन सही लागते, म्हनून दादाला आन म्हटलं."

बक्षीसपत्राचा मसुदा मी वाचला. दोनदा वाचला, त्याला इलाज नाही. गट नंबर ओढ्याकाठचाच होता, देणार काका, घेणार बाबा, मोबदला काही नाही. माझ्या जुळवून आणलेल्या भांडणातलं एकही वाक्य मला वापरता आलं नाही. मला स्वतःचा राग आला, आणि काकांचाही आला. मला विश्वासात घ्यायला काय झालं होतं?

"ते मृत्युपत्र तू काढलंस ना?" काकांनी विचारलं. "दादाला नाय ना दाखवलंस?"

मी मसुदा त्यांच्या हातात देऊन उठले. काकांनी डोक्याला हात लावला. काकी म्हणाली, जेवून जा, पण मी रिक्षा थांबवूनच ठेवली होती.

बदलापूरपर्यंत मी एकच हिशोब करत होते. बाबांची दुपारची झोप किती लांबते, चष्मा त्यांना सापडला असेल का, बारीक अक्षर म्हणून त्यांनी सोडून दिलं असेल का. ऐंशी वर्षं ज्या बाईला आई म्हटलं, तिच्याच फोटोखाली मी तो कागद ठेवून आले होते.

दार उघडंच होतं. बाबा टेबलाशी बसले होते, भिंग कागदावर.

"आलीस? वाचला मी," ते म्हणाले.

मी चपला काढायच्या विसरले.

"आईचं माहेरचं नाव मला माहीतच नव्हतं बघ." त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "दागिने तिच्या माहेरचे, म्हणून आप्पांनी नावही तिथलंच लिहिलं. तसंच ना?"

माझाच तो तर्क, जिन्यात उभं राहून केलेला. 'तसंच ना' म्हणणाऱ्याला मी जन्मभर पुरावा मागत आले. आताही मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघितलं, हे विचारताहेत की माझीच परीक्षा घेताहेत म्हणून. चेहऱ्यावर शाळेतल्या मुलाला नवी गोष्ट कळल्यासारखा आनंद होता.

"तसंच," मी म्हणाले.

"छान नाव होतं. लग्नात उगाच बदललं." त्यांनी भिंग खाली ठेवलं, वर आजीच्या फोटोकडे बघितलं आणि ते नाव मोठ्याने घेतलं. मग पुन्हा एकदा, जरा लाडाने. जिने त्यांना जन्म दिला तिला तिच्या मुलाने पहिल्यांदाच हाक मारली होती, दुसऱ्या आईकडे बघून. मी चहा ठेवते म्हणून आत गेले आणि ओट्याला टेकून रडले.